साखराबाईचं खोटं नाव

साखराबाईकडं आजवर जेवढे शिकलेले लोक आले, त्यांतल्या बहुतेकांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी तिच्या गर्भपिशवीची चौकशी केली. आहे का, काढली का, कुणी काढायला लावली. टीव्हीवाल्यांनी तेच विचारलं. दिल्लीहून एक बाई दुभाषी घेऊन आल्या, त्यांनी मयताला आल्यासारखं हळू आवाजात विचारलं. साखराबाईची पिशवी जागेवर होती. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा, आणि दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं घालवणं तिच्या जिवावर यायचं. मग ती म्हणायची, मागच्या आळीला भिवराबाई हाय, तिची काढलीय, तिकडं जावा. भिवराबाई तिची चुलतजाऊ. ती पाव्हण्यांना चहा पाजायची आणि ते गेले की साखराबाईला शिव्या घालायची.

तेलगाव सोडून कच्च्या रस्त्यानं दोन मैल गेलं की ही वस्ती लागते. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून जाते, उन्हाळ्यात परत येते. साखराबाई अठराव्या वर्षापासून जात होती आणि आता पन्नाशी उलटली होती. या कामात नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाच्या वहीत तो कोयता नवऱ्याच्या नावानं लागतो. म्हणजे तीस वर्षं साखराबाईनं ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन डुगडुगत्या फळीवरून ट्रकात चढवल्या, आणि कागदावर ती कुठंच नव्हती. कागदावर त्रिंबक होता. त्रिंबक म्हणजे तिचा नवरा. अंगानं मोळीपेक्षा थोडा हलका, पण वहीत पूर्ण कोयता.

दोन वर्षांपूर्वी आसपासच्या वस्त्यांवरल्या बाया माजलगावात एका कचेरीसमोर जाऊन बसल्या. मागणी एकच होती, ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव सरकारी रजिस्टरात वेगळं लिहा. नवव्या दिवशी साहेबांनी कारकुनाला टेबल देऊन बाहेर पाठवलं आणि त्रेसष्ट बायांची नावं लिहिली गेली. पहिलं साखराबाईचं. यात गंमत अशी झाली, की त्रेसष्टपैकी एकीच्याही पुढं नवऱ्याचं नाव नव्हतं. तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा आला, की बीडच्या कष्टकरी बायांनी नवऱ्याचं नाव लावायला नकार दिला. आंदोलनाचा पुढारी अभिमन्यू नऊपैकी चार दिवस हजर होता. त्यानं मुलाखतीत सांगितलं, की हा निर्णय शिबिरात साधकबाधक चर्चा करून घेतला गेला. मग पुन्हा पाव्हण्यांची रीघ लागली. आता पिशवी मागं पडली आणि नाव पुढं आलं. साखराबाईला बरंच वाटलं. विषय निदान कंबरेच्या वर सरकला होता. नवऱ्याचं नाव का नाही लावलं, असं कुणी विचारलं की ती गंभीर चेहरा करून म्हणायची, आमचं आमी ठरवलं. बाकीच्या बासष्ट जणी तेवढ्याच गंभीरपणे माना डोलवायच्या.

मंजुषा आली ती या दुसऱ्या लाटेत. पुण्याच्या एका संस्थेत ती चळवळींचा अभ्यास करायची. मूळची अंबाजोगाईची, त्यामुळं बाजेच्या नेमक्या कुठल्या अंगाला बसलं की बाज उलटत नाही हे तिला ठाऊक होतं. पिशवीचं तिनं काढलं नाही. नावाचंही लगेच काढलं नाही. ती म्हणाली, "मावशी, मी तुमच्यावर संशोधन करायला आलेली नाही. आपण मिळून करायचं. तुम्ही सहसंशोधक."

तिनं गाडीतून एक पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत रंगीत कागद, खडू, लोकरीचे गुंडे आणि कात्र्या होत्या. त्रिंबकाला वाटलं बालवाडी निघतेय.

पहिल्या दिवशी मोठ्या कागदावर एका बाईनं आडवं व्हायचं, बाकीच्यांनी तिच्या अंगाभोवती रेघ मारायची, आणि आंदोलन शरीरात कुठं कुठं जाणवलं तिथं रंग भरायचा, असं काम होतं. भिवराबाई आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. तिला उठवायचा धीर कुणाला झाला नाही. मंजुषानं वहीत 'साचलेला थकवा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नाटक. ताराबाई नावाची एक सुकडी म्हातारी साहेब झाली. खुर्ची अंगात भिनली म्हणतात तसं तिचं झालं. तिनं ओळीनं अकरा जणींचे अर्ज फेटाळले, बारावीला सोमवारी यायला सांगितलं, आणि नाटक संपलं म्हणून सांगितल्यावरही उठेना.

तिसऱ्या दिवशी नकाशा होता. अंगणात रांगोळीनं कचेरी काढायची, गेट काढायचं, आवारातला कडुलिंब काढायचा, आणि जी जिथं बसली होती तिथं तिनं एक खडा ठेवायचा. अर्ध्या तासानं मंजुषानं पाहिलं तर सगळेच्या सगळे खडे गेटाला चिकटून बसलेले. मागं कुणीच नाही. मंजुषा म्हणाली, प्रत्येकीच्या आठवणीचं सत्य वेगळं असतं, ते तसंच राहू द्या. साखराबाई म्हणाली, गेट आठ फुटांचं, बाया त्रेसष्ट, ह्ये कसलं सत्य? तिनं सरळ माजलगावला शहजादीला फोन लावला. शहजादी त्या कचेरीसमोर केळी विकते. नऊच्या नऊ दिवस ती तिथं होती, आणि आंदोलनात नसल्यामुळं तिला सगळं स्वच्छ आठवत होतं.

"गेट के सामने तो मेरा गाडा था," शहजादी फोनच्या स्पीकरवर म्हणाली. "तुम सब लिंब के नीचे थे. धूप थी ना."

सगळ्या जणी मुकाट्यानं उठल्या आणि आपापला खडा लिंबाखाली घेऊन गेल्या. गेटासमोर साखराबाईनं केळ्याचं एक साल ठेवलं.

त्या दिवसापासून तिला या कामाची गोडी लागली. मंजुषा पुण्याला गेली तरी साखराबाई फोनवर बायांचं बोलणं रेकॉर्ड करत वस्त्या हिंडायला लागली. तुमाला तवा कसं वाटलं, असल्या प्रश्नाचं तिला काही पटत नव्हतं. वाटायचं काय, ऊन वाटतं, तहान वाटते. ती विचारायची, तू नऊ दिवस तिकडं बसलीस तर तुझ्या म्हशीची धार कुणी काढली? यातून जे निघालं त्यानं मंजुषाही चाट पडली. एकोणीस म्हाताऱ्या मागं राहिल्या होत्या. त्यांनी त्रेसष्ट घरांची जनावरं, पोरं आणि चुली आपसांत वाटून घेतल्या होत्या. एकीला उभं राहता येत नव्हतं, ती बसून नुसती पोरं मोजायची. या एकोणीस जणींचं नाव ना पेपरात आलं होतं ना अभिमन्यूच्या तोंडी. आंदोलन त्यांच्यावर उभं होतं आणि त्यांना ते आंदोलन होतं हेही नीट ठाऊक नव्हतं.

आषाढात मंजुषा लिहिलेला मजकूर वाचून दाखवायला आली. नव्वद पानं होती. साखराबाईला सही करता यायची, वाचता येत नव्हतं. ती मेथी निवडत ऐकत राहिली. दुसऱ्याच पानावर एक रुक्मिणी आली. ही रुक्मिणी वस्त्या हिंडायची, म्हशींची चौकशी करायची, फोन लावायची.

"ही कोन म्हनायची?" साखराबाईनं विचारलं. "आमच्याकडं तर रुक्मिणी कुनीच न्हाई."

"तुम्हीच आहात मावशी. नाव बदललंय फक्त. सगळ्यांचीच बदललीत. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. संस्थेत नीतिसमिती असते, तिचा तसा नियम आहे."

साखराबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. नाव ही वस्तू माणसाला बारशालाच मिळते आणि पुढं बहुतेकांना वापरायला मिळत नाही. साखराबाई माहेरी नुसती पोरगी होती. सासरी आल्यावर सून झाली, मग परमेश्वरची आई. परमेश्वर चाकणला कंपनीत लागला तरी ती परमेश्वरची आईच राहिली. उसाच्या फडावर ती अर्धा कोयता होती. पन्नास वर्षांत एकदाच कुणीतरी टेबल मांडून तिचं नाव विचारलं होतं, आणि त्यासाठी तिला नऊ दिवस लिंबाखाली बसावं लागलं होतं.

"मला तरास देनारे समदे मला नावानिशी वळखत्यात," ती म्हणाली. "ज्येंची वळख न्हाई त्येंच्यापासून कावून लपवायलीस? आन् तुजं नाव काय टाकलंस? सत्यभामा?"

"माझं खरंच आहे. मी लेखिका आहे ना."

"आन् मी?"

"सहसंशोधक."

"मंग संशोधकाचं खरं आन् सहसंशोधकाचं खोटं, ह्ये कुठलं सह?"

मंजुषानं या विषयावर निदान तीस पुस्तकं वाचली होती आणि त्यांपैकी एकही या वेळी कामाला आलं नाही. खाली ठेवलेली जुडी उचलून ती निवडायला लागली. मग तिच्या लक्षात आलं, की समिती लपवते ती ज्यांच्याविषयी लिहिलं जातं त्यांची नावं. जे लिहितात त्यांची नाही. साखराबाईचं नाव लेखकात गेलं तर ते लपवायचा प्रश्नच येत नाही. हे तिनं साखराबाईला सांगितलं. साखराबाई म्हणाली, मंग टाक की.

ते इतकं सोपं नव्हतं. पुण्यातल्या संस्थेत मंजुषाच्या सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. लेखकावर प्रत्येक वाक्याची जबाबदारी असते, ते म्हणाले, त्या बाईंना सगळं वाचून दाखवा, मान्य असल्याची सही आणा. बाई एवढ्या जबाबदारीला घाबरतील आणि आपणच नको म्हणतील, असा त्यांचा अंदाज होता. सरांनी आयुष्यात पुष्कळ चळवळींचा अभ्यास केला होता.

भाद्रपदात मंजुषा कागद घेऊन परत आली. तीन दिवस वाचन चाललं. साखराबाईनं मेथी, शेंगा, काहीच हातात घेतलं नाही. चौथ्या प्रकरणाचं नाव होतं 'गाळलेलं नाव : प्रतिकाराची नवी भाषा'. बावीस पानं. सगळ्या पुस्तकाचा कणा तो. त्रेसष्ट बायांनी नवऱ्याचा रकाना कसा जाणूनबुजून कोरा ठेवला, त्या कोऱ्या जागेत किती पिढ्यांचा राग होता, हे मंजुषानं जीव ओतून लिहिलं होतं.

वाचून झाल्यावर साखराबाई म्हणाली, "ह्ये काढ."

"काय काढू?"

"ह्ये पूर्न. बावीस पानं."

मग तिनं काय घडलं ते सांगितलं. कारकुनानं टेबल मांडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मागणी मान्य झाली म्हणून सगळे पुरुष भजी खायला स्टँडवर गेले होते. कारकुनानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी अशा वेळी शेजारीण सांगते. पण शेजारी भिवराबाई उभी होती, आणि त्रिंबक तिचा भाया, म्हणजे थोरला दीर लागतो, ती कशी नाव घेणार? तिसरीचा तो मामेसासरा लागत होता. नात्याच्या वस्तीत कुणाचंही नाव घ्यायला सोयीची बाई सापडत नाही. कारकुनानं दोनदा विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला. कारकुनाचा डबा तसाच राहिला होता. त्यानं वैतागून रकाना कोरा सोडला आणि पुढची बाई घेतली. पुढचीनंही पदर लावला.

"पण मावशी, रेकॉर्डिंगमध्ये तुम्हीच म्हणालात, आमचं आम्ही ठरवलं."

"म्हनले. पाव्हन्याला गोड वाटंल त्ये सांगावं लागतं. तुमचे डोळे बी असे चमकायचे की न्हाई म्हनवत नव्हतं. तवा ठीक व्हतं. रुक्मिणीच्या नावानं अजून बी चालंल. माज्या नावानं न्हाई चालत."

मंजुषानं शेवटचा प्रयत्न केला. ती म्हणाली, वरवर लाज असेल, पण आतून कुठंतरी, नकळत का होईना, एक बंड असेल की नाही?

"आतून भूक लागलती," साखराबाई म्हणाली.

मंजुषा उठून विहिरीपर्यंत जाऊन आली. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण हातात लाल पेन होता. तिनं तो साखराबाईला दिला. साखराबाईनं बावीस पानं एकेक करून समोर घेतली आणि प्रत्येकावर बुडापासून एक तिरकी रेघ मारली. ऊस तोडायची सवय होती, एकही घाव वरच्यावर गेला नाही. त्या जागी दीड पान आलं. त्यात भजी होती, कारकुनाचा डबा होता आणि पदर होता.

भिवराबाईला हे कळलं तेव्हा तिनं वस्ती डोक्यावर घेतली. पेपरात एवढं छान आलतं, आपली बंडखोर म्हणून नोंद झालती, आणि ही बया स्वतःच्या नावापायी आपल्याला लाजरी ठरवायला निघाली, असं तिचं म्हणणं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "ती रुक्मिणी आता मोकळी झाली आसंल, तर त्ये नाव मला लाव म्हनावं. चांगलं हाय." तसं लावलं गेलं.

मंजुषा मान्यतेचा कागद ठेवून गेली. घाई करू नका, असं तिनं बजावलं. सही झाली की फोटो काढून पाठवा, नाही झाली तरी माझा राग नाही. साखराबाईनं कागद पिठाच्या डब्यावर ठेवला आणि तो तिथं दिवाळीपर्यंत राहिला. मेथीपुढं बोलणं वेगळं आणि सही वेगळी, हे तिलाही कळत होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी राधाकिशन मुकादम आला. चौदा वर्षं त्रिंबकाचा कोयता त्याच्याच टोळीत होता. गडी तोंडाचा गोड. तो बाजेवर बसला, चाकणच्या परमेश्वरची चौकशी केली, चहाची तारीफ केली. मग म्हणाला, पुस्तक निघतंय असं कानावर आलं. आनंद आहे. त्यात एक मुकादम आहे म्हणे, त्यानं चौथ्या दिवशी बायांना सांगितलं होतं, की जी इथं बसली ती यंदा ट्रकात बसणार नाही.

साखराबाई म्हणाली, व्हय, हाय त्यात. मुकादमाचं नाव बदललंय मातर.

"माजं बदललंय वैनी, पन तुमचं न्हाई ना बदललं," राधाकिशन म्हणाला. "तुमचं खरं नाव आलं की तुमचा मुकादम कोन, ह्ये शेंबडं पोरगं बी सांगंल. तुमी रुक्मिणी व्हा, कायबी व्हा. तुमाला काय फरक पडतो?"

साखराबाईला तेव्हा कळलं, की तिच्या अंगावर घातलेलं खोट्या नावाचं पांघरूण नेमकं कुणाला ऊब देत होतं.

राधाकिशननं पुढचं अगदी प्रेमानं सांगितलं. ट्रक सोमवारी निघणार. पुस्तकात नाव छापून आलेल्या माणसाला टोळीत घेतलं की कारखान्याचे लोक दहा प्रश्न विचारतात, डोक्याला ताप होतो. तेव्हा आताच काय ते सांगा, म्हणजे तुमचा कोयता धरायचा की दुसरा बघायचा, हे त्याला ठरवता येईल. त्रिंबक भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, मुकादम म्हणतात त्यात चूक काय आहे, नाव काही खायला घालत नाही. त्याचं खरं होतं. चौदा वर्षांची टोळी, ओळखीचा कारखाना, ओळखीचा मुक्काम, पाण्याचा नळ हाकेवर. दुसरीकडं काय असेल कुणी सांगावं.

साखराबाई आत गेली. पिठाच्या डब्यावरचा कागद घेऊन, त्यावरचं पीठ झटकत बाहेर आली आणि मुकादमासमोर खाली बसली.

"पेन द्या, मुकादम."

राधाकिशनचा हात आपसूक खिशाकडं गेला. इतकी वर्षं लोकांच्या सह्या आणि अंगठे घेत आलेला माणूस, समोर कागद आला की पेन काढायचा एवढंच त्या हाताला माहीत. पेन तिच्या हातात गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर ती लिहायला लागली होती. सही करायला तिला बराच वेळ लागतो. एकेक अक्षर ती आधी ओठांनी करते, मग हातानं. मुकादमाला पेन परत मागताही येईना आणि उठताही येईना. सही झाल्यावर तिनं टोपण लावून पेन त्याला परत दिला आणि चहा अजून घेता का विचारलं. त्यानं घेतला नाही.

सोमवारी ट्रक वस्तीवर आला. भिवराबाईचं बोचकं चढलं, बाकीच्यांची चढली. साखराबाईच्या दारापुढून तो न थांबता गेला. सहा दिवसांनी धर्मापुरीकडच्या एका नवख्या मुकादमाकडं जागा असल्याचं कळलं. त्याचा कारखाना आणखी लांब होता आणि तिथल्या फडावर चिखल फार, असं लोक सांगत होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पिठाचा डबा, दोन कोयते आणि एक शेळी घालून दोघं निघाली. त्रिंबक सही झाल्यापासून तिच्याशी बोलला नव्हता. धारूरचा घाट चढून झाला, केज गेलं, तो बाहेर बघत राहिला. बार्शीला ड्रायव्हर चहाला थांबला. तिथंही त्यानं आपला कप आपण घेतला.

टेंभुर्णीच्या अलीकडं शेळी त्याच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. तिला न हलवता तो म्हणाला, "किती पानांचं हाय म्हनं त्ये पुस्तक?"

"सत्तर."

ट्रॉलीत भांडी खडखडत होती.

"समदं तूच लिवलंस?"

"न्हाई," साखराबाई म्हणाली. "म्या खोडलं जास्ती."